जर-तरची कसोटी

इतिहासात 'जर-तर'ला जागा नाही, असे वर्गात सांगून आपण मोकळे होतो. विद्यार्थी माना डोलावतात आणि मधल्या सुट्टीत पुन्हा तेच बोलू लागतात. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? सरदार पटेल पहिले पंतप्रधान झाले असते तर? फाळणी टळली असती तर? हे प्रश्न मुलांनी स्वतः शोधून काढलेले नसतात. घरातल्या गप्पांतून, प्रचारसभांतून आणि आता हातातल्या फोनवरून ते त्यांच्यापर्यंत पोचतात, आणि येताना उत्तरही सोबत घेऊन येतात. "तर आज देश कुठल्या कुठे असता!" हे ते ठरलेले उत्तर. शिक्षकाने या विषयाला वर्गात बंदी केली म्हणून ते उत्तर नाहीसे होत नाही. ते फक्त न तपासलेले राहते.

शिवाय अशा बंदीला शास्त्रीय आधारही नाही. कारण सांगणाऱ्या प्रत्येक विधानाच्या पोटात एक जर-तर दडलेले असते. "व्हर्सायच्या तहाच्या जाचक अटींमुळे जर्मनीत असंतोष वाढला" असे आपण शिकवतो तेव्हा अटी सौम्य असत्या तर असंतोष इतका वाढला नसता, हेच वेगळ्या शब्दांत सांगत असतो. विज्ञानाच्या तासाला आपण दोन कुंड्या घेतो. एकीत खत घालतो, दुसरीत घालत नाही, बाकी माती-पाणी-ऊन सारखे ठेवतो. इतिहासाजवळ कुंडी एकच असते. दुसरी कुंडी मनातच लावावी लागते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फोगेल यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशी कुंडी आकडेमोड करून लावली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रेल्वे नसतीच तर कालवे, नद्या आणि गाड्यारस्ते यांवर वाहतुकीचा खर्च किती आला असता, हे त्यांनी मांडले. रेल्वेमुळे झालेली बचत १८९० च्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने काही टक्क्यांइतकीच भरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर पुष्कळ वाद झाले, पण वाद घालता आला तो त्यांनी प्रत्येक पायरी उघड मांडली म्हणून. १९९३ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा जर-तर असावे की नसावे हा वाद सोडून द्यावा. चांगले जर-तर कोणते आणि वाईट कोणते, हा प्रश्न कामाचा आहे. राजकारण आणि राज्यकारभार यांविषयीचे काही प्रसिद्ध 'पर्यायी इतिहास' आणि काही प्रत्यक्ष प्रसंग या दृष्टीने तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बहुतेक पर्यायी इतिहास माणूस बदलतात आणि नियम तसेच ठेवतात. आधुनिक राज्यकारभारात मात्र घटनांना वळण कोठे मिळते, हे पुष्कळदा नियमावर ठरते.

माणूस बदलण्याची हौस

हा प्रकार जुना आहे. अलेक्झांडर पश्चिमेकडे वळला असता तर रोम टिकले असते का, या प्रश्नाची चर्चा रोमन इतिहासकार लिव्ही याने दोन हजार वर्षांपूर्वी केली. १९३१ साली इंग्लंडमध्ये अशा निबंधांचा एक संग्रह निघाला. त्यात विन्स्टन चर्चिल यांनी लिहिलेला निबंध अमेरिकन यादवीतील गेटिसबर्गच्या लढाईवर होता. या लढाईत सेनापती ली विजयी झाला आहे अशा जगात बसून तो लिहिल्याचा बहाणा त्यांनी केला. इतिहासकार ई. एच. कार यांना मात्र असले लेखन म्हणजे फावल्या वेळचा बैठा खेळ वाटे, आणि १९६१ च्या आपल्या व्याख्यानांत त्यांनी तसे बोलूनही दाखवले.

कादंबऱ्यांत फिलिप के. डिक यांची १९६२ सालची 'द मॅन इन द हाय कॅसल' बरीच गाजली. तिच्यातील जगात रूझवेल्ट यांची हत्या झालेली आहे, दुर्बळ अमेरिका महायुद्ध हरली आहे आणि जर्मनी व जपान यांनी तिची वाटणी करून घेतली आहे. या कल्पनेमागे एक खरा प्रसंग आहे. १५ फेब्रुवारी १९३३ रोजी मायामी शहरात ज्युझेप्पे झंगारा नावाच्या माणसाने रूझवेल्ट यांच्या दिशेने गोळ्या झाडल्या. रूझवेल्ट बचावले. शिकागोचे महापौर अँटन सेरमाक यांना गोळी लागली आणि पुढे मार्चमध्ये त्यांचा मृत्यू झाला. बदल अगदी थोडा, नेम काही इंचांनी वेगळा. पर्यायी इतिहासाला याहून चांगली सुरुवात मिळणे कठीण.

पण शिक्षकाने येथे एक प्रश्न विचारायला हवा. त्या दिवशी रूझवेल्ट निवडून आलेले होते, परंतु त्यांनी शपथ घेतलेली नव्हती. शपथविधी ४ मार्चला होता. मधल्या काळात निर्वाचित अध्यक्ष मरण पावला तर पुढे काय? अमेरिकेच्या राज्यघटनेत याचे स्पष्ट उत्तर बराच काळ नव्हते. ते विसाव्या घटनादुरुस्तीने दिले: निर्वाचित उपाध्यक्ष हाच अध्यक्ष होईल. ही दुरुस्ती मंजूर झाली २३ जानेवारी १९३३ रोजी, म्हणजे गोळीबाराच्या अवघे २३ दिवस आधी. झंगाराचा नेम लागता तर ४ मार्चला टेक्सासचे जॉन नान्स गार्नर अध्यक्ष झाले असते, आणि त्याबद्दल कायद्याचा घोळ झाला नसता. हीच गोष्ट दुरुस्तीपूर्वी घडती तर मंदीने पिचलेल्या देशात अध्यक्ष कोण, यावरच पेच उभा राहू शकला असता. माणूस जगला की मेला याइतकेच त्यानंतर काय करायचे याचा नियम लिहिलेला होता की नाही, हेही महत्त्वाचे ठरते. कादंबरीकाराला नियमात रस नसतो. आपल्याला असायला हवा.

गंगाधरपंतांचे पानिपत

मराठी वाचकाला पर्यायी इतिहास म्हटले की डॉ. जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आठवते. नारळीकर (१९३८–२०२५) यांची ही कथा 'द अॅडव्हेंचर' या नावाने एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातही आली, त्यामुळे ती महाराष्ट्राबाहेरच्या वर्गांतही वाचली गेली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातात सापडतात आणि वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तेथे ईस्ट इंडिया कंपनी अजून व्यापार करते आहे. पानिपतावर गोळी विश्वासरावांना चाटून गेली, मराठे जिंकले, इंग्रजांचे राज्य देशभर पसरलेच नाही.

या कथेचे गुण मोठे आहेत. बदल एकच आणि छोटा आहे. तो कोणत्या क्षणी झाला हे नेमके सांगितले आहे. गंगाधरपंत त्या जगात भाषणे ऐकून समाधान मानत नाहीत. थेट ग्रंथालय गाठतात आणि कलाटणीचे पान शोधतात. परत आल्यावर ते खिशातला बखरीचा कागद पुराव्यादाखल पुढे करतात. संशोधकाची वृत्ती मुलांना शिकवायला याहून चांगली गोष्ट मराठीत क्वचितच सापडेल.

तरीही कथेवर तीन आक्षेप घेता येतात, आणि ते वर्गात घेतल्याने कथेची गोडी कमी न होता वाढते असे आम्हाला वाटते.

पहिला आक्षेप विज्ञानाचा. कथेतील शास्त्रज्ञ मित्र पुंजवादाचा आधार घेतो. बंदुकीतून सुटलेली गोळी कोठे जाईल हे वेग आणि दिशा यांवरून सांगता येते, इलेक्ट्रॉनचे तसे सांगता येत नाही, असे तोच म्हणतो. पण मग विश्वासरावांवर झाडलेली गोळी इलेक्ट्रॉनसारखी दोन जगांत दोन वाटांनी कशी गेली? वीस ग्रॅमच्या गोळीच्या बाबतीत पुंजवादी अनिश्चितता अणुकेंद्रकाच्या आकाराहूनही अब्जावधी पटींनी लहान असते. रणांगणावर गोळीचा नेम चुकवणाऱ्या गोष्टी साध्या आहेत: बंदूकवाल्याचा थरथरणारा हात, घोड्याची किंवा हत्तीची हालचाल, धूर. इलेक्ट्रॉनपासून गोळीपर्यंतची उडी वाचकाने मारायची आहे, आणि ती उडी आहे हे विद्यार्थ्याच्या ध्यानात आले पाहिजे.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. पानिपत खरोखरच इतके निर्णायक होते का? १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौजेची वाताहत झाली हे खरे. पण माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत मराठी सत्ता सावरली. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि पुढच्या वर्षी बादशहा शाह आलम मराठ्यांच्या संरक्षणात दिल्लीच्या तख्तावर परतला. म्हणजे जिंकले असते तर जे व्हायचे त्यातले बरेचसे हरूनही दहा-अकरा वर्षांत घडले. त्यानंतर १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव क्षयाने वारले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. मागे वारसाहक्काचा कलह उभा राहिला, आणि त्यातूनच इंग्रजांना पुण्याच्या राजकारणात शिरायला वाट मिळाली. पेशवा मेल्यावर पुढे कोण, याचा सर्वांना मान्य असा बळकट नियम दरबारापाशी नव्हता. मायामीच्या गोळीबारापुढे उभा राहिलेला प्रश्न येथेही उभा राहतो.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कथेतल्या हिंदुस्थानात विसाव्या शतकात लोकशाही येते. पेशवे हळूहळू बाजूला होतात, निवडून आलेल्या संस्था त्यांची जागा घेतात, आणि दिल्लीचा बादशहा संसदेच्या शिफारशींवर शिक्का मारण्यापुरता उरतो. हे सारे दोन-चार वाक्यांत आटोपते. समांतर विश्वात जाण्यासाठी कथेने शास्त्राचा आधार शोधला, पण पेशवाईतून लोकशाही कशी आली याला काहीच आधार शोधला नाही. मतदार कोण होते? गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले होते, त्यांना मत कोणत्या मार्गाने मिळाले? आपल्या इतिहासात पेशवाई १८१८ मध्ये संपली. त्यानंतर ३० वर्षांनी, १८४८ मध्ये, पुण्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. मताधिकार १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी थोडा थोडा वाढला. आणि प्रौढ मताधिकार सर्वांना मिळाला तो १९५० च्या राज्यघटनेने. या प्रत्येक पायरीवर कोणीतरी झगडले होते. पर्यायी इतिहासात या पायऱ्या गाळल्या की आपले आजचे हक्क आपोआप मिळाले असते असा समज होतो. हा समज धोक्याचा आहे.

एका मताची गोष्ट

आता कल्पित कथा बाजूला ठेवून प्रत्यक्ष घडलेला प्रसंग घेऊ. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव फेटाळला गेला. बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने सरकार पडले.

हे एक मत कोणाचे? बहुतेकांना गिरिधर गमांग यांचे नाव आठवते. ते ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिलेला नव्हता आणि ते मतदानाला आले. परंतु नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनीही पक्षादेश मोडून विरोधात मत दिले होते. तटस्थ राहतील अशी अपेक्षा असलेल्या बहुजन समाज पक्षाच्या सदस्यांनीही ऐनवेळी विरोधात मत टाकले. निकाल एका मताने लागतो तेव्हा २७० पैकी कोणतेही मत 'ते एक मत' असू शकते. आपण त्यातले एक निवडतो, कारण त्याची गोष्ट रंगते. तराजूत शेवटी टाकलेल्या दाण्याला दोष द्यावा, तसे हे आहे.

समजा गमांग आले नसते. मते २६९–२६९ झाली असती. मग राज्यघटनेचा अनुच्छेद १०० लागू झाला असता: एरवी अध्यक्ष मत देत नाहीत, पण समसमान मते पडल्यास त्यांना निर्णायक मत असते. अध्यक्ष बालयोगी तेलुगू देसमचे होते आणि तो पक्ष सरकारला पाठिंबा देत होता. तेव्हा सरकार वाचण्याचीच शक्यता अधिक.

पुढे काय? आमचे विज्ञान-शिक्षक येथे भौतिकीतला एक धडा वापरू शकतील. वाटीच्या तळाशी ठेवलेल्या गोटीला धक्का दिला तर ती हेलकावते आणि तळाशी परत येते. हा स्थिर समतोल. उपड्या वाटीच्या माथ्यावर ठेवलेली गोटी किंचित धक्क्याने कोणत्याही बाजूला घरंगळते आणि परत येत नाही. हा अस्थिर समतोल. इतिहासातला एखादा क्षण कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ठरवावे लागते.

दिल्लीपुरते पाहिले तर गोटी वाटीच्या तळाशी परत आली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडणुका झाल्या, १३ ऑक्टोबर १९९९ रोजी वाजपेयी पुन्हा पंतप्रधान झाले आणि ते सरकार मे २००४ पर्यंत चालले. कारगिलची घुसखोरी एप्रिलमधल्या मतदानाआधीच झालेली होती. एका मताने ती टळली नसती. बदलले असते ते वेळापत्रक. युद्धाच्या काळात काळजीवाहू सरकार होते आणि लोकसभा विसर्जित झालेली होती. सरकार वाचते तर संसदेपुढे चर्चा होऊ शकली असती. आणि मार्च १९९८ मध्ये बसलेल्या त्या लोकसभेची मुदत २००३ मध्ये संपली असती.

महाराष्ट्रापुरते मात्र चित्र वेगळे दिसते. लोकसभेची निवडणूक समोर आली तेव्हा पंतप्रधानपदाच्या उमेदवारीवरून काँग्रेसमध्ये वाद पेटला, शरद पवार आणि त्यांचे सहकारी मे महिन्यात पक्षाबाहेर पडले आणि जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. इकडे राज्यातल्या युती सरकारने मुदतीच्या काही महिने आधीच विधानसभा निवडणूक लोकसभेबरोबर घेतली. निकालात काँग्रेसला ७५, शिवसेनेला ६९, राष्ट्रवादीला ५८ आणि भाजपला ५६ जागा मिळाल्या. वेगवेगळे लढलेले दोन काँग्रेस पक्ष मग एकत्र आले आणि त्यांचे सरकार बनले. एप्रिलमधले मत उलटे पडते तर ही निवडणूक एवढ्या लवकर झाली असती का, आणि नवा पक्ष त्याच वर्षी निघाला असता का, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. एकाच धक्क्याने दिल्लीतली गोटी तळाशी परतली आणि मुंबईतली घरंगळली. 'इतिहास बदलला असता का' या प्रश्नाला म्हणूनच सरसकट उत्तर देता येत नाही. कोणाचा इतिहास, कोणत्या काळापर्यंतचा, हे विचारावे लागते.

साखळी किती लांब?

दुसरी कसोटी गणिताची आहे. जर-तरची साखळी जितकी लांब तितकी ती कमकुवत. समजा प्रत्येक पायरी बऱ्यापैकी खात्रीची आहे, दहापैकी आठ वेळा खरी ठरेल इतकी. तीन पायऱ्यांनंतर सारी साखळी खरी असण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ५१ टक्के उरते. पाच पायऱ्यांनंतर ती ३३ टक्क्यांवर येते आणि दहा पायऱ्यांनंतर ११ टक्क्यांच्या खाली जाते. "अमुक झाले असते तर आज देश जगात पहिला असता" या वाक्यात दहाहून किती तरी अधिक पायऱ्या दडलेल्या असतात. आठवी-नववीच्या मुलांना हा गुणाकार सहज करता येतो, आणि तो एकदा केला की असल्या वाक्यांवरचा त्यांचा भाबडा विश्वास कमी होतो.

सरदार पटेलांविषयीचा प्रश्नही असाच तपासावा. त्यात भक्ती नको आणि विरोधही नको. पटेलांचे निधन १५ डिसेंबर १९५० रोजी झाले. ते १५ ऑगस्ट १९४७ पासून पंतप्रधान असते तरी त्यांना तीन वर्षे चार महिने मिळाले असते. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली, म्हणजे तिच्याआधीच दुसरा पंतप्रधान निवडावा लागला असता. शिवाय या काळात ते उपपंतप्रधान होते, गृहखाते आणि संस्थानांचे खाते त्यांच्याकडेच होते. संस्थानांच्या विलीनीकरणाचे काम त्यांनीच केले. तेव्हा प्रश्न नीट विचारायचा तर असा विचारावा लागेल: जे त्यांनी प्रत्यक्षात केले ते वजा जाता, १९५० अखेरपर्यंतचे कोणते निर्णय वेगळे झाले असते? हा प्रश्न चांगला आहे आणि त्याचा अभ्यास कागदपत्रांवरून होऊ शकतो. १९६२ किंवा १९९१ बद्दल बोलायचे असेल तर आणखी एक गोष्ट बदलावी लागते, त्यांचे आयुष्य. एका वेळी एकच चल बदलायचा, हा प्रयोगाचा नियम येथे मोडतो. हीच कसोटी इतर पक्षांच्या आवडत्या जर-तरलाही लावावी. कसोटी एकाच बाजूला लावली तर ती कसोटी राहत नाही.

नियम बदलला तर

आता ज्या प्रकारच्या जर-तरकडे सहसा कोणी वळत नाही त्याकडे येऊ. २००० साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात सुमारे ६० लाख मतांपैकी ५३७ मतांच्या फरकाने बुश विजयी ठरले आणि त्यामुळे अध्यक्ष झाले. पाम बीच जिल्ह्यात मतपत्रिकेची रचना अशी होती की नावे दोन्ही बाजूंना आणि भोके मध्ये. तिला 'फुलपाखरू' मतपत्रिका म्हणत. पुष्कळांनी गोंधळून भलतीकडे भोक पाडले असे मानले जाते. या ५३७ मतांवर चिक्कार लिहिले गेले. पण देशभरात गोर यांना बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४३ हजार मते अधिक होती! अध्यक्ष थेट मतांनी न निवडता राज्यवार निर्वाचकांनी निवडायचा, या अठराव्या शतकातल्या नियमामुळेच त्या ५३७ मतांना एवढे वजन आले. नियम वेगळा असता तर फ्लोरिडातल्या मतपत्रिकेची आज कोणाला आठवणही नसती.

आपल्याकडेही हे करून पाहता येते. आपला नियम असा की मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो. १९८४ अखेरच्या निवडणुकीत काँग्रेसला सुमारे ४९ टक्के मते आणि ५१४ पैकी ४०४ जागा मिळाल्या. भाजपला ७ टक्क्यांहून अधिक मते आणि जागा फक्त २. जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या असत्या, तर काँग्रेसला सुमारे २५२ म्हणजे निम्म्याहून किंचित कमी, आणि भाजपला निदान ३६ जागा मिळत्या. २०१४ मध्ये भाजपला सुमारे ३१ टक्के मतांवर ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या. प्रमाणाने त्या १६८ च्या आसपास आल्या असत्या. त्याच निवडणुकीत अण्णाद्रमुक आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष या दोघांनाही साधारण सव्वातीन टक्के मते होती. एकाला ३७ जागा मिळाल्या, दुसऱ्याला ९. बहुजन समाज पक्षाला ४ टक्क्यांहून थोडी जास्त मते असून एकही जागा मिळाली नाही. मते विखुरलेली होती की एका राज्यात एकवटलेली, एवढ्यावर हा फरक पडला.

येथे कोणी विद्यार्थी म्हणेल, मग नियम वेगळा असता तर १९८४ मध्ये काँग्रेसला आणि २०१४ मध्ये भाजपला बहुमत मिळालेच नसते! थांबायला हवे. नियम वेगळा असता तर मतेही तशीच पडली असती का? आपले मत वाया जाईल या भीतीने पुष्कळ मतदार आवडता छोटा पक्ष सोडून मोठ्याला मत देतात. पक्षही जागांच्या हिशेबाने युत्या करतात, काही मतदारसंघांत उमेदवारच उभे करत नाहीत. नियम बदलला की हे सारे वागणे बदलते. जुनी मते नव्या सूत्रात घालून मिळालेला आकडा ही अंदाजाची पहिली पायरी आहे, निकाल नव्हे. कुंडीतले रोप खत बदलले म्हणून आपली वागणूक बदलत नाही, माणूस बदलतो. समाजशास्त्रातला प्रयोग अवघड होतो तो या कारणाने.

हे जर-तर आपण आज रचतो आहोत असेही नाही. ते घटना समितीत प्रत्यक्ष चर्चेला आले होते. १९४९ च्या जानेवारीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला: या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते, आणि तिच्यामुळे स्थिर सरकार बनणे कठीण होते. प्रा. के. टी. शहा अध्यक्षीय पद्धतीच्या बाजूने बोलत होते. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात आंबेडकरांनी याची तुलना मांडली होती. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. दोन्ही एकाच वेळी पुरेपूर मिळत नाहीत, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले आहे. १९९९ ची ती एका मताची गोष्ट या निवडीतूनच उद्भवली. सरकारला रोज सभागृहाचा विश्वास लागतो, म्हणून ते एका मताने पडू शकते. अध्यक्षीय पद्धतीत असा १७ एप्रिल उगवलाच नसता, पण सरकारला असा जाबही विचारता आला नसता.

इतिहासकार नायल फर्ग्युसन यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या एका संग्रहात अशीच कसोटी सुचवली आहे. त्या काळच्या लोकांनी ज्या पर्यायांचा खरोखर विचार केला होता आणि ज्यांची नोंद उरली आहे, तेच पर्याय अभ्यासाला घ्यावेत, असे त्यांचे म्हणणे. या कसोटीने पाहिले तर घटना समितीच्या चर्चांचे खंड हे आपल्याकडचे पर्यायी इतिहासाचे सर्वांत मोठे भांडार आहे. त्यात घोडदळ नाही, तोफा नाहीत, म्हणून कथाकार तिकडे फिरकत नाहीत.

वर्गात काय करता येईल

यासाठी चाळीस मुलांचा एक वर्ग आणि कागदाचे चिटोरे पुरतात. वर्गप्रतिनिधीसाठी अ, ब आणि क असे तीन उमेदवार घ्या. प्रत्येक मुलाने पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती लिहायची. समजा १६ मुलांचा क्रम अ, क, ब असा आला. १३ जणांचा ब, क, अ. ९ जणांचा क, ब, अ. आणि २ जणांचा क, अ, ब.

आता मोजणी तीन नियमांनी करा. पहिला नियम आपला नेहमीचा: पहिल्या पसंतीची मते अ १६, ब १३, क ११. अ निवडून आला. दुसरा नियम, सर्वांत मागचा उमेदवार बाद करून त्याची मते दुसऱ्या पसंतीला द्यायची: क बाद होतो, ब ला ९ मिळून २२ आणि अ ला २ मिळून १८ होतात. ब निवडून आला. तिसरा नियम अठराव्या शतकातील फ्रेंच गणिती बोर्डा याचा: पहिल्या पसंतीला २ गुण, दुसरीला १, तिसरीला शून्य. अ ला ३४, ब ला ३५ आणि क ला ५१ गुण पडतात. क निवडून आला! चिठ्ठ्या त्याच, मुले तीच, आणि प्रतिनिधी तीन.

यानंतर मुलांना विचारा, तिसरा नियम आधी माहीत असता तर तुम्ही चिठ्ठी अशीच लिहिली असती का? काही हात वर होतील, काही जण गालातल्या गालात हसतील. नियम आणि वागणे यांचे नाते तेवढ्यावरून त्यांना कळेल. मग कोणता नियम न्याय्य, यावर वाद होऊ द्यावा. त्याचे एकच बरोबर उत्तर शिक्षकाकडेही नसते, आणि तसे सांगायला हरकत नाही.

हा तास झाल्यावर एखाद्या मुलाने "अमका पंतप्रधान असता तर देश कुठल्या कुठे असता" म्हटले, तर त्याला गप्प बसवू नये. फळ्यावर त्याचा 'जर' डावीकडे लिहावा, 'तर' उजवीकडे लिहावा, आणि मधल्या मोकळ्या जागेत कोणकोणत्या पायऱ्या येतात, त्या त्यालाच भरायला सांगाव्यात.